फोटोसाठी आवरलेलं

कलावंताचा फोटो त्याच्या कामाच्या जागीच काढायचा, असं ठरवून मी ज्या ज्या दारात उभा राहिलो, तिथं माझ्याआधी केरसुणी फिरून गेलेली होती.

एका दिवाळी अंकाचं काम होतं. पहिलेच निघाले एक ज्येष्ठ लेखक. मला हवा होता त्यांच्या टेबलावरचा कागदांचा पसारा. वहिनींनी तो कॉटखाली सारून टेबलावर क्रोशाचा रुमाल अंथरला होता, वर फुलदाणी. लेखक हनुवटीला पेन टेकवून खिडकीबाहेर बघू लागले.

“तुम्ही असेच लिहिता?”

“छे हो, लिहितो कॉटवर आडवा पडून. पण ते बरं दिसत नाही.”

“काढा की तसाच,” आतून वहिनी म्हणाल्या, “लोकांनाही कळू दे.”

लेखकाची पंचाईत अशी, की काम करताना आणि न करताना तो सारखाच दिसतो. हातानं काम करणारा माणूस बरा, म्हणून मी मिरज गाठली.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलं की सरसाचा वास येतो. छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, खाली तूनच्या लाकडाचा भुसा. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. लढाया संपल्या आणि ते हात तारांकडे वळले. 2024 साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी गेलो तेव्हा भोपळे जागेवर होते, भुसा मात्र गायब. ज्यांचा फोटो काढायचा ते म्हातारे कारागीर, चाचा, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले.

“चाचा, रोजच्या कपड्यात बसला असता तर...”

“रोजच्या कपड्यात फोटो कोण काढतं, साहेब?”

याला उत्तर नव्हतं. लग्नाच्या अल्बममध्ये मी तरी कुठं लुंगीवर आहे?

मग त्यांनी एका तंबोऱ्याची जवारी काढायला घेतली आणि मला विसरले. तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, मान कलती करून डोळे मिटायचे. पुन्हा कानस. तारेखाली सुताचा धागा किंचित पुढे, किंचित मागे. घोडीचा उतार केसभर बदलला की मघापर्यंत मुकी वाटणारी तार घुमायला लागते. किती घासायचं हे मोजायला पट्टी नाही, सगळा हिशेब कानात. मी साठेक फोटो काढले. साठही फोटोंत एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसलेले.

संपादकांनी ते पाहिले आणि विचारलं, “झोपलेत का?”

त्या रात्री मी छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमनला आठवून धीर धरला. त्यानं 1946 साली काढलेलं संगीतकार स्ट्राविन्स्कीचं छायाचित्र जगभर गाजलं. पियानोचं काळं उघडं झाकण जवळजवळ सगळी चौकट व्यापून बसलंय आणि स्ट्राविन्स्की खाली डाव्या कोपऱ्यात, हातावर डोकं टेकून. ‘हार्पर्स बझार’ मासिकानं ते मागवलं आणि नापसंत केलं. कलावंताला त्याच्या वातावरणात टिपण्याच्या शैलीचा हा आदर्श नमुना समजतात. आणि मौज अशी, की ती खोली स्ट्राविन्स्कीची नव्हतीच. ते न्यूयॉर्कमधलं दुसऱ्याच कुणाचं तरी घर होतं. हे वाचल्यापासून मी केरसुणीवर रागावणं सोडून दिलंय.

अंकात शेवटी छापला गेला तो चाचांच्या पसंतीचा फोटो. इस्त्रीचा शर्ट, उभा धरलेला तंबोरा, नजर थेट कॅमेऱ्यात, जशी पासपोर्टला असते. त्याचीच एक मोठी प्रत फ्रेम करून मी त्यांना दिली. गेल्या खेपेला गेलो तेव्हा ती भोपळ्यांच्या रांगेखाली टांगलेली होती आणि काचेवर मला हवा होता तसा भुसा बसला होता.