बोटभर उंच

मारुतीने 2019 साली ओम्नी बनवायची बंद केली. बातमी नातेपुत्यात पोचली, पण आबांनी ती मनाला लावून घेतली नाही. कंपनी थकली म्हणून आपण का थकायचं? उलट या गाडीचं पुढचं सगळं आता आपल्यालाच बघायचं आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आबा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. माळशिरस तालुक्यात गावाआड एक आबा सापडतो. थोडा ऊस, थोडी डाळिंबं, अकलूज पासिंगची 45 नंबरची जुनी व्हॅन, आणि पुरे पैसे देऊन नवी वस्तू घेणाऱ्यांविषयी मनापासून कीव.

गाडीला मोठी चाकं बसवायची, त्याला ‘गाडी खाली टेकते’ हे निमित्त. वस्तीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडल्यात आणि मधला उंचवटा ओम्नीच्या पोटाला घासतो, हे खोटं नाही. पण ती वाट काही काल पडलेली नाही. पंढरपूरचा रस्ता खड्ड्यांचा होता तेव्हा बारा इंची चाकांनी निमूट संसार केला; पालखी महामार्ग चौपदरी झाला आणि आबांना मोठी चाकं सुचली. खरं दुखणं वेगळंच होतं. पुतण्याने उंच गाडी घेतली होती, आणि चौकात दोन्ही गाड्या शेजारी लागल्या की आबांना पुतण्याशी मान वर करून बोलावं लागायचं.

ओम्नीचा मूळ टायर 145 आर 12. ईकोचा तेरा इंची, 155 रुंदीचा. हा टायर बसवायचा, पण ‘स्वस्तात’. हा शब्द आबा देवाचं नाव घ्यावं तसा उच्चारतात. बसणार की नाही हे ठरवायला त्यांनी चाक काढलं, घरातली एक जाड लग्नपत्रिका ग्रीस लावलेल्या बोल्टांवर दाबली आणि चार काळे ठिपके घेऊन भंगारवाल्यांकडे फिरायला लागले. फलटण झालं, बारामती झाली. ठिपके जुळणाऱ्या डिस्क शेवटी एका ठोकलेल्या गाडीच्या निघाल्या. पत्रिकेतल्या जोडप्याचं तोवर मूल रांगायला लागलं होतं.

टायर जुनेच घ्यायचे, हे ओघानेच आलं. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 0914 म्हणजे 2014 सालचा नववा आठवडा. आबांनी ते वाचले आणि म्हणाले, “नऊशे चौदा? आठशे देतो.” दुकानदाराने विचार करायचं सोंग केलं आणि दिले.

मिस्त्रीने बजावलं होतं, “आबा, खताची पोती भरता, एलटी लिहिलेलाच टायर घ्या. कारचा टायर वजनाला दबतो. आणि चाक मोठं झालं की ब्रेक कमी लागल्यासारखा होतो, घाटात संभाळून.” शाळेतल्या गुरुजींनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं: कंपनीने ठरवलंय त्यात आपल्या मनाने बदल करता येत नाही. आबा म्हणाले, “गुरुजी, कलम कागदावर. चाक जमिनीवर.”

चाकं बसली. आता हिशोब बघा. जुन्या चाकाचा व्यास साधारण 54 सेंटिमीटर, नव्याचा 58. पण गाडी उचलली जाते ती निम्म्याने. म्हणजे फलटण-बारामतीच्या हेलपाट्यांचं, मिस्त्रीच्या मजुरीचं आणि रोजच्या चहाचं फळ काय, तर दोन सेंटिमीटर. बोटभर! पुतण्याशी बोलताना मान अजून वरच.

बाकी बदल मात्र भरपूर झाले. ओम्नीत पुढचं चाक थेट ड्रायव्हरच्या पायाखाली आणि इंजिन बुडाखाली, त्यामुळे स्टेअरिंग पूर्ण वळवलं की घासल्याचा आवाज आबांच्या तळपायातूनच निघायचा. मिस्त्रीने ग्राइंडरने पत्रा कापला, मागचे पाटे वाढवून दिले. 796 सीसीचं इंजिन शिंगणापूरच्या घाटात पहिल्या गिअरच्या वर जाईना. मीटर साठ दाखवायचा तेव्हा गाडी चौसष्ट-पासष्टने पळत असायची. यातही आबांना लाभच दिसला. चाक मोठं, फेरे कमी, म्हणून मीटरवर पंढरपूर चार-पाच किलोमीटर अलीकडे आलं. “माउलींची कृपा,” म्हणाले. त्याच मीटरवर ॲव्हरेजही तेवढंच पडलेलं दिसायला लागलं, तेव्हा मात्र मीटर खोटा ठरला.

काकूंना आता आत चढायला लाकडी पाट लागतो. “अहो, उंच झाली गाडी,” असं त्या एकदा चारचौघांत म्हणाल्या. त्या दिवशी आबांनी सगळ्यांना चहा पाजला.

पालखीचा मुक्काम नातेपुत्यात पडला की दिंड्यांचे ट्रक-टेम्पो मैदानांत उभे राहतात, आणि आबांना राज्यभरातले ड्रायव्हर श्रोते म्हणून फुकट मिळतात. प्रत्येकाला ते चाकांचा खर्च सांगतात. मुक्कामाच्या एका रात्रीत तो टप्प्याटप्प्याने उतरत जातो. पहाटे माउली माळशिरसकडे निघतात तोवर भंगारवाल्यानेच आबांना पैसे देणं बाकी असतं.

एक खर्च आबांनी खरोखरच वाचवला होता. पाचवं चाक. स्टेपनी जुनीच, बारा इंची. वेळापूरच्या पुढे 0914 ने जीव सोडला, तेव्हा मागे एका बाजूला मोठं, दुसऱ्या बाजूला लहान, अशी गाडी एका अंगाला कलून हळूहळू मिस्त्रीच्या दारात आली. मिस्त्रीने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा आबांकडे.

“आबा, अजून एक तेरा इंची बघू का?”

आबा खाली उतरले, लहान चाकाजवळ उकिडवे बसले, हात लावून पाहिला.

“नको. एक बारीक तर आहेच,” ते म्हणाले. “आता ह्याच्या जोडीची अजून तीन मिळतात का बघ. स्वस्तात.”