मेन बँड कधी येणार?

नंदुरबारच्या पटांगणावरचा महोत्सव असो, की सुरतमार्गे रेल्वेने गाठलेलं अहमदाबादचं स्टेडियम असो, पहिला कलाकार उभा राहिला की दहा मिनिटांत मागच्या रांगेतून एक आवाज येतोच. "मेन प्रोग्राम कव्हय शे रे भो?" शेजारचे चारजण हसतात. पुढे उभा असलेला गाणारा हे ऐकतो, आणि तरीही त्याला पुढचं गाणं सुरू करावं लागतं.

हा प्रश्न फार वेळा ऐकावा लागला तो रॉकच्या कॉन्सर्टमध्ये आधी वाजवायला उभ्या केलेल्या, जमैकाचं रेगे संगीत वाजवणाऱ्यांना. प्रेक्षकांचे शेरे ठरलेले असत. सगळी गाणी सारखीच वाटतात. फार संथ आहे. घरी ऐकायला बरं, इथे नको. हे म्हणणारे सगळे अडाणी होते, असं म्हणून मी मोकळा होणार नाही. पैसे मोजून, गर्दीत पाय दुखेपर्यंत उभं राहून ते कोणाला तरी ऐकायला आलेले असतात आणि समोर भलताच माणूस उभा असतो. चिडचिड समजण्यासारखी आहे. माझं भांडण त्यांच्याशी कमी आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांशी जास्त आहे.

१९७५च्या अखेरीला 'द हू' हा इंग्लंडचा रॉक बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. रॉकमधल्या सर्वांत कर्णकर्कश बँडांमध्ये त्याची गणना व्हायची. त्यांच्या आधी वाजवायला होते 'टूट्स अँड द मेटल्स'. टूट्स हिबर्ट म्हणजे जमैकाचा असा गायक, की ज्याच्या १९६८च्या एका गाण्यामुळे या संगीताला रेगे हे नाव चिकटलं. त्या दौऱ्यात डिसेंबरमध्ये पॉन्टिॲक शहरातल्या सिल्व्हरडोम स्टेडियममध्ये पंचाहत्तर हजारांवर माणसं जमली होती. ती माणसं गिटार फुटेल, ड्रम उलटतील या आशेने आली होती आणि टूट्स त्यांना कंबर हलवायला सांगत होता. दौऱ्यात त्याच्या वाट्याला थंड प्रतिसाद आला. अमेरिकेत नाव करायची त्याची मोठी संधी अशी वाया गेली. यात दोष ना टूट्सचा, ना त्या पोरांचा. जोडी लावणाऱ्याने दोघांनाही फसवलं.

संगीताची गोष्ट जरा नीट पाहू, कारण शेरे तिथूनच निघतात. रॉकमध्ये चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर मोठा ड्रम दणकतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर छोटा कडाडतो. अंगाला लगेच कळतं कुठे उडी मारायची. रेगेच्या मूळच्या 'वन ड्रॉप' चालीत पहिली मात्रा ड्रमवाला रिकामी सोडतो. आघात येतो तिसरीवर, मोठा आणि छोटा ड्रम एकदम. गिटार मधल्या फटींमध्ये तुकडे टाकते. चाल कोण सांभाळतं? बेस. सगळा भार त्या खालच्या जाड सुरावर असतो. रॉकची सवय असलेलं अंग पहिल्या मात्रेला उडी मारायला जातं आणि तिथे काहीच नसतं. या पोकळीची सवय व्हायला दोन-तीन गाणी लागतात. एकदा झाली, की पाय आपोआप चालतात.

आता आधी वाजवणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते बघा. मुख्य बँडचे ड्रम आणि यंत्रं आधीच मांडून कापडाने झाकलेली असतात. उरलेल्या पुढच्या चिंचोळ्या पट्टीत याने उभं राहायचं. दिव्यांपैकी थोडेच याच्यासाठी. साउंड चेक वेळ उरला तर. आणि आवाज? पुष्कळ ठिकाणी तो मुद्दाम खाली ठेवतात, म्हणजे मुख्य बँड आला की दणका जास्त जाणवावा. रॉकवाल्याचा आवाज कमी केला तर तो लहान वाटतो, पण रॉकच राहतो. रेगेचा बेस कापला तर हातात उरतं काय? गिटारची नुसती टिकटिक. मग लोक म्हणतात, सगळं सारखंच वाटतं. वाटणारच. गाण्यातला वेगळेपणा ज्या सुरात होता तो त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही. प्रेक्षकांचं मत त्यांच्या तोंडून बाहेर पडतं खरं, पण ते बनतं साउंडवाल्याच्या टेबलावर. टूट्सच्या बाबतीत नेमकं काय झालं असेल ते असो, ही पद्धत मात्र पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

बॉब मार्लीचं नाव आज आपल्याकडच्या टी-शर्टवरही दिसतं. त्यालाही यातून जावं लागलं. १९७३च्या ऑक्टोबरमध्ये मार्ली आणि त्याचा 'वेलर्स' हा बँड अमेरिकेत 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन'च्या आधी वाजवायला निघाला. चार कार्यक्रम झाले आणि दौऱ्यातून त्यांना काढून टाकलं. का, याची दोन उत्तरं आजवर सांगितली जातात. एक, लोकांना ते पटले नाहीत. दुसरं, ते मुख्य बँडवर भारी पडायला लागले होते. काहीही असो, परक्या देशात, लास व्हेगासमध्ये, हातात दौरा नाही अशी त्यांची अवस्था झाली. तिथून ते सॅन फ्रान्सिस्कोकडे सरकले आणि ३१ ऑक्टोबरला सॉसलिटोच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत केएसएएन या रेडिओ केंद्रासाठी वाजवलं. ते ध्वनिमुद्रण पुढे १९९१मध्ये 'टॉकिन ब्लूज' या अल्बममधून लोकांसमोर आलं. जरूर ऐका. समोर हजारोंची गर्दी नाही, मेन बँड कधी येणार असं विचारणारा कोणी नाही, आणि बेस हवा तेवढा आहे. तेच वादक, तोच महिना.

आणि १९७८ घ्या. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या अमेरिका दौऱ्यात आधी वाजवायला पीटर टॉश होता, वेलर्समधून बाहेर पडलेला. स्टेडियमं तशीच मोठी, माणसंही तशीच रॉकवाली. फरक एवढाच, की टॉशला स्टोन्सने आपल्याच रेकॉर्ड कंपनीत घेतलं होतं आणि स्टोन्सचा गायक मिक जॅगर स्वतः टॉशच्या वेळेत मंचावर येऊन त्याच्याबरोबर गायचा. सगळी गर्दी ज्याच्यासाठी आली तोच माणूस दिवस मावळायच्या आत येतो, पाहुण्याच्या शेजारी उभा राहतो आणि त्याचं गाणं त्याच्याबरोबर म्हणतो. मग मागच्या रांगेतल्याची काय बिशाद आहे ओरडायची? जॅगरला यात खर्च काय आला? एका गाण्याचा वेळ. यजमानपण म्हणतात ते हे.

लंडनचं आणखी एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९७७च्या सुरुवातीला कॉव्हेंट गार्डनजवळ 'रॉक्सी' नावाचा क्लब पंकवाल्यांचा अड्डा होता. पंक म्हणजे रॉकचाच रागीट, धसमुसळा धाकटा भाऊ. तिथे बँडांच्या मधल्या वेळेत रेकॉर्ड लावायचं काम डॉन लेट्सकडे होतं. पंकच्या रेकॉर्डी तेव्हा फारशा निघालेल्याच नव्हत्या, म्हणून तो रेगे लावायचा. रात्रीमागून रात्र, चांगल्या स्पीकरवर, कोणतंही भाषण न ठोकता. त्या पोरांना रेगे आवडायला लागलं. त्याच वर्षी 'द क्लॅश' या पंक बँडने ज्युनियर मर्विनचं एक रेगे गाणं आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं आणि मार्लीने पंक-रेगेच्या मैत्रीवर गाणंच केलं. कानाला सवय लावली की लागते. 'आमच्या पब्लिकला हे चालत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येक आयोजकाने रॉक्सीची ही हकिकत ऐकावी.

आधी गाणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्ले हा बँड नवी मुंबईत आणि मग अहमदाबादेत आला. आधी गायला जसलीन रॉयल, एलियाना आणि शोन होते. नवी मुंबईच्या कार्यक्रमानंतर समाजमाध्यमांवर जसलीनची जी हजेरी घेतली गेली, ती तिथे हजर नसलेल्यांनीही मोबाइलवरच्या तुकड्यावरून घेतली. गाणं पसंत पडलं नाही तर तसं म्हणावं, त्यात काही वावगं नाही. पण चाळीस-पन्नास हजार माणसांपुढे, ती दुसऱ्या कोणासाठी तरी आलेली आहेत हे पक्कं माहीत असताना, एकटीने उभं राहायला काय लागतं याचा विचार त्या हजारो शेऱ्यांमध्ये मला फारसा दिसला नाही.

आता आपल्या अंगणात या.

नंदुरबार जिल्ह्यात आधी वाजवणारे कोण असतात? सातपुड्यातली ढोलपथकं. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी भागातून माणसं येतात. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी भोपळे, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. उद्घाटन असो, मेळावा असो, मंत्री येवोत की कलाकार, स्वागताला यांनाच बोलावलं जातं. मी हे कितीदा पाहिलं आहे. पाहुण्यांची गाडी दोन तास उशिरा, तोवर पथक उन्हात. मग एकदम धांदल, वाजवा वाजवा. आख्ख्या पथकाला एक माइक, तोही निवेदकाच्या उंचीचा. ढोलाची धप्पधप्प तेवढी येते. पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य असेल तर त्याचा सूर शेजारच्यालाही ऐकू जात नाही. पाहुणे हात जोडत पुढे गेले, की मंचाच्या कडेला एकजण मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत उभा राहतो. आटपा. चार मिनिटं झालेली असतात. आणि मग खुर्चीवरची माणसं आपसांत म्हणतात, यांचं एकच एक असतं हो.

एकच एक! काठीची राजवाडी होळी ज्याने पाहिली त्याने हे म्हणून दाखवावं. अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या गावात रात्रभर ढोल चालतो. व्रत घेऊन बावा आणि बुध्या झालेली माणसं पालणीचे, म्हणजे त्या व्रताचे, कडक नियम पाळून आलेली असतात आणि होळी पेटते ती पहाटे. तोवर त्याच ठेक्यावर फेर धरलेला असतो, हजारो माणसं. कोणी 'पुढचं घ्या' म्हणत नाही. ठेका तोच असतो, त्याच्या आत बदल चाललेले असतात. कधी घुंगरं पुढे येतात, कधी एक ढोल दुसऱ्याला उत्तर देतो, कधी सगळे एकदम थबकून परत उसळतात. हे चार मिनिटांत कळायचं नाही. रेगेही नेमकं हेच मागतं: ठेक्यात राहा, घाई करू नका. खरं सांगायचं तर रेगेसाठी पॉन्टिॲकपेक्षा काठीचे प्रेक्षक जास्त लायक आहेत. उद्या सातपुड्याच्या पायथ्याशी चांगला बेस लावून कोणी रेगे वाजवलं, तर 'सगळी गाणी सारखी' असं तिथे कोणी म्हणणार नाही अशी माझी पक्की खात्री आहे.

तमाशाने हा प्रश्न फार आधी सोडवला होता, तोही शहाणपणाने. यात्रेत तंबूत बसलेल्या माणसाला वग बघायचा असतो, हे फडाला माहीत आहे. तरी आधी गण होतो, मग गवळण. पण गणाला उभे राहतात ते फडाचेच कसलेले गडी. ढोलकी तीच, हलगी तीच, उजेड तोच. परक्याला पुढे ढकलून आपण मागे तंबूत चहा पीत बसायचं, हा प्रकार नाही. गवळणीतल्या मावशीला हशा आणि टाळ्या मिळतात त्या तिच्या स्वतःच्या हक्काच्या असतात. म्हणून गण चालू असताना कोणी घड्याळ दाखवत नाही.

आयोजकांकडे माझं मागणं साधं आहे आणि ते सगळं जमण्यासारखं आहे. पथकाला निदान अर्धा तास द्या. ढोलाला वेगळा माइक, पावरीला वेगळा, आणि दुपारी साउंडवाल्याबरोबर एकदा वाजवून बघू द्या. प्रमुख पाहुणे खुर्चीवर बसल्यावरच पथकाने सुरू करावं, पाहुणे चालत असताना नाही. मुंबईहून आणलेल्या गायकाला मानधनाचा चेक आधी मिळतो, तसा यांनाही आधी मिळावा. जेवणाचं पाकीट हे मानधन नाही. त्या गायकाने तयारीच्या खोलीत न बसता पथकाच्या वेळी बाहेर यावं आणि जमलं तर त्यांच्या फेरात दोन पावलं टाकावीत, जॅगरला जमलं तसं.

आणि जाहिरातीच्या फलकावर 'पारंपरिक आदिवासी नृत्य' एवढंच लिहू नका. पथकाचं नाव छापा, गावाचं नाव छापा, ढोल वाजवणाऱ्याचं नाव छापा, आणि अक्षरं नेत्यांच्या नावांएवढीच मोठी घ्या.