होतकरू सभासद पाहिजेत. मताचा आग्रह नको

आमच्या वाचनालयाचं पुनरुज्जीवन करायचं असं वार्षिक सर्वसाधारण सभेत एकमताने ठरलं. सभेला नऊजण होते. त्यांतले सात कार्यकारिणीचे, आठवा मी. नववे गृहस्थ पुस्तक बदलायला आले होते, पण ग्रंथपालबाई चहा सांगायला गेलेल्या असल्यामुळे ते बसून राहिले. इतिवृत्तात त्यांची नोंद 'सभासदांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी झाली आहे.

नऊ माणसांत सभा कशी होते, असं नवख्यांना वाटेल. त्यांनी आमच्या नोटिशीची शेवटची ओळ वाचावी. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच जागी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. संस्थेच्या घटनेतली बाकीची कलमं सभासदांवर विश्वास ठेवून लिहिलेली आहेत. हे एकच त्यांना ओळखून लिहिलेलं आहे. त्यामुळे पाचच्या सभेला सगळे साडेपाचला येतात. एकदा खजिनदार चुकून पाचला आले, तर कुलूप होतं.

तर, पुनरुज्जीवन. त्यासाठी उपसमिती नेमली आणि तिच्यात कार्यकारिणीचे सातहीजण घेतले, म्हणजे समन्वयाचा प्रश्न उरत नाही. पहिल्या बैठकीत सभासद का घटले याचा शोध घेण्यात आला. मोबाइल, मालिका, इंग्रजी शाळा आणि संस्कार अशी चार कारणं निघाली. वाचनालय सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते साडेसात उघडं असतं, म्हणजे नोकरी करणारा माणूस नेमका घरी नसतो तेव्हा. पण हे कारण कुणी सुचवलं नाही. आजीव सभासदांची यादी मात्र चाळण्यात आली. त्यातले निम्मे तरी आता ज्या ठिकाणी आहेत तिथून मासिकं परत येण्याची आशा नाही. नावं कमी करावीत का, यावर चर्चा झाली. अध्यक्ष म्हणाले, "पुनरुज्जीवनाच्या वर्षात सभासदसंख्या घटलेली बरी दिसत नाही." राहिली नावं.

कागदोपत्री आम्ही तसे कुणालाच जाऊ देत नाही. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. आम्ही देतो. पण आमचा मागचा बदल अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे आणि त्याच्या मागचाही. त्यामुळे तिथल्या नोंदवहीच्या परिशिष्टावर आज जे उपाध्यक्ष आहेत, त्यांची पुण्यतिथी आम्ही दरवर्षी न चुकता पाळतो.

मग फलकावर खडूने आवाहन लिहिलं: 'तरुणांनो, पुढे या.' कुणी वाचेल अशी अपेक्षा नव्हती. पण चार-पाच तरुण खरोखरच पुढे आले आणि कार्यकारिणीत घबराट उडाली. त्यांतली एक मुलगी बँकेत नोकरीला. तिने सभासदत्वाचा अर्ज मागितला. अर्जावर सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन आजीव सभासदांच्या सह्या लागतात. ती यादी घेऊन पत्ते शोधत फिरली. तीन ठिकाणी इमारतच नव्हती, दोन ठिकाणी भिंतीवर हार घातलेला फोटो होता.

शेवटी चिटणिसांनी मोठ्या मनाने सही दिली आणि मुलांना लगेच कामही दिलं. व्याख्यानाच्या दिवशी त्यांनी खुर्च्या मांडल्या, सतरंज्या झटकल्या, माईकवाल्याला आणलं आणि वक्त्याला शाल देताना अध्यक्षांचा फोटो काढला. फोटोत अध्यक्षांचे डोळे मिटले होते म्हणून दुसऱ्यांदा शाल दिली, तोही काढला. आभार मानताना 'आमची तरुण फळी' असा उल्लेख झाला. त्यांना व्हॉट्सअॅपच्या गटातही घेतलं. तिथे फक्त अॅडमिनला लिहिता येतं, त्यामुळे मतभेद असे होत नाहीत. चिटणीस रोज सकाळी सुप्रभात आणि अधूनमधून भावपूर्ण श्रद्धांजली टाकतात. परवा घाईत दोन्ही एकाच चित्रात गेली.

एवढं सगळं दिल्यावरही ही मुलं समाधानी नव्हती. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं ठेवू, आळीपाळीने आम्ही बसतो, म्हणाली. पुस्तकांची यादी संगणकावर चढवू, म्हणाली. आणि मग त्या मुलीने विचारलं, "काका, आम्हाला मत कधी देता येईल?"

पंखा फिरत होता तेवढाच आवाज. तीन वर्षं सलग वर्गणी भरल्यावर मताचा अधिकार, असं चिटणिसांनी सांगितलं. निवडणूक दर तीन वर्षांनी, हे सांगितलं नाही.

मुलगी वाचणारी होती, हा मूळ दोष. आमच्याच कपाटातून तिने पुणे सार्वजनिक सभेचा इतिहास काढला होता. म्हणाली, "१८७० साली ती सभा निघाली, तेव्हा पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणल्याशिवाय सभासद होता येत नव्हतं. पंचाण्णव सभासद होते आणि त्यांच्यामागे सहा हजार माणसं. आपणही प्रत्येकाने निदान पाच-पाच वाचकांना भेटून त्यांना काय हवं ते विचारून यायचं का?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. इतिहास त्यांनीही वाचलेला आहे, किंबहुना संस्थेत तोच एक विषय त्यांनी शेवटपर्यंत वाचला आहे. ते म्हणाले, "बाळ, तू १८७० पाशी थांबलीस. पुढे १८९५ ला ये. त्या साली सार्वजनिक सभेची निवडणूक झाली आणि टिळकांच्या मंडळींनी सभा ताब्यात घेतली. प्रत्यक्ष न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांना बाहेर पडून १८९६ साली वेगळी डेक्कन सभा काढावी लागली. रानड्यांची ही गत, तर आमची काय कथा?"

गेल्या कित्येक वर्षांत त्या खोलीत इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. इतिवृत्तात मात्र 'इतिहासावर उद्बोधक चर्चा झाली' एवढंच आहे.

मुलं यायची थांबली. उपसमितीने तरुणांच्या उदासीनतेबद्दल खेद व्यक्त केला. पण मग कानावर आलं की ती रविवारी संध्याकाळी नदीकाठच्या बागेत जमतात, आपापली पुस्तकं आणून अदलाबदल करतात, एकजण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. लहान मुलं येतात, भाजी घेऊन जाणाऱ्या बाया थांबतात. वर्गणी नाही, फलक नाही, नोंदणी नाही.

आम्ही द्विसदस्य पाहणी समिती पाठवली. ती दोन तासांनी परतली. इतका वेळ का लागला याचा खुलासा अहवालात नाही. खजिनदारांच्या हातात मात्र एक कादंबरी होती आणि पुढच्या रविवारी ती परत करायची असल्याचं त्यांनी खासगीत कबूल केलं. लेखी अहवालात गर्दीचा उल्लेख थोडक्यात असून गंभीर त्रुटी सविस्तर नोंदवल्या आहेत. प्रास्ताविक होत नाही. दीपप्रज्वलनाची सोय नाही. व्यासपीठ नसल्याने कोण महत्त्वाचं ते कळत नाही. आणि मुख्य म्हणजे या उपक्रमाला अध्यक्षच नाही.

एक चळवळ केवळ अध्यक्षाअभावी वाया जावी हे उपसमितीला पाहवलं नाही. आमचे अध्यक्ष तिथलंही अध्यक्षपद भूषवण्यास तयार आहेत, असं मुलांना पत्राने कळवण्याचं ठरलं. कार्यकारिणीचे उरलेले सहाजण सल्लागार म्हणून उपलब्ध आहेत. मात्र जमिनीवर बसणं गुडघ्यांमुळे कुणालाच शक्य नसल्याने, बागेत सात खुर्च्या आणून मांडायची जबाबदारी तरुणांनी घ्यावी, अशी अट पत्रात घातली आहे.