मुकी विजार

जून महिना होता. राजगड उतरून आम्ही गुंजवण्यात चहा पीत होतो, सगळे नखशिखान्त भिजलेले, आणि त्याच अवस्थेत डिसेंबरात केदारकंठा करायचं ठरलं. निर्णयाला एका कटिंगइतका वेळ लागला. साडेबारा हजार फूट, बर्फ, डेहराडूनपर्यंत रेल्वे, पुढे जीपने सांकरी, रजा आत्ताच टाकून ठेवा. संपलं. सगळे भज्यांकडे वळले. फक्त मायक्रॉन गप्प होता. त्याने ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "पण खाली काय घालणार?"

"खाली म्हणजे?"

"कमरेखाली."

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये असा एक जण असतो. कोणाला बुटांचं वेड, कोणाला विजेरीचं. आमच्या ओळखीत एक जण वजन वाचवायला टूथब्रशचा दांडा अर्धा कापतो आणि स्वतःच्या पोटाचा विषय निघाला की नकाशा उघडतो. आमच्या वाट्याला लोकर आली. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात हे आम्हाला याच्यामुळे कळलं. कळावं अशी आमची काही इच्छा नव्हती. मेरिनो मेंढीची उंची लोकर सतरा-अठरा मायक्रॉनची, आणि तिशीच्या पुढे गेलं की तंतूचं टोक कातडीला टोचायला लागतं. हा गृहस्थ बँकेत नोकरीला आहे आणि माणसंही याच मापाने मोजतो. "नवा मॅनेजर कसा आहे?" म्हणून विचारलं तर म्हणतो, "पस्तीस मायक्रॉन." टोपणनाव त्यानंतरचं.

त्याच्या मते जगात दोनच पक्ष आहेत, लोकर आणि जीन्स. जीन्सवाल्यांकडे तो बुडत्या माणसाकडे पाहावं तसा पाहतो. सुती कापड भिजलं की अंगाला चिकटतं, त्यातली हवा जाते आणि अंगातली ऊबही घेऊन जाते. लोकरीचा तंतू कुरळा, त्यामुळे दोन तंतूंमध्ये हवा अडकून बसते. ऊब असते ती त्या हवेची. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही लोकर वरून ओली लागत नाही. हे सगळं खरं आहे. अडचण एवढीच की हे तो सप्टेंबरात, गणपतीच्या रांगेत, मागच्या माणसाला सांगत होता आणि मागच्या माणसाने जीन्स घातली होती.

एक मात्र मान्य करायला हवं, की तो आंधळा भक्त नव्हे. लोकर भिजली की जड होते, वाळायला वेळ लावते, आणि केसाळ कापड असेल तर बर्फाचे गोळे त्याला गोखरूसारखे चिकटतात, हे तोच सांगतो. फक्त मुलीच्या लग्नात मुलाकडच्यांना तिचा चष्मा सांगावा तशा आवाजात सांगतो.

खरी लोकर ओळखायची त्याची पद्धत जुनी आणि धोकादायक आहे. एक धागा काढायचा आणि काडी लावायची. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, आच बाजूला नेली की धागा आपसूक विझतो आणि राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा असेल तर वितळून त्याचा टणक मणी होतो. ऑगस्टपर्यंत त्याच्या घरातले सगळे स्वेटर तपासून झाले होते. मग एका मुंजीत त्याने मावससासूबाईंच्या "अस्सल काश्मिरी" शालीचा धागा हात धुण्याच्या जागेपाशी जाऊन जाळला आणि निष्कर्ष पंगतीत जाहीर केला. मणी झाला होता. वहिनी त्या घराशी अजून फोनवरच बोलतात.

पुढचे दोन महिने दुकानांत गेले. लक्ष्मी रोडवर त्याने लोकरीच्या पँटचं कापड मागितलं तेव्हा दुकानदाराने सुटाचे तागे काढले आणि विचारलं, "लग्न कोणाचं?" सुटाचं कापड वाराला आठ-दहा औंस भरतं, याला चोवीस औंसांचं हवं होतं. "एवढं जाड कापड पुण्यात कोण घेणार?" असं दुकानदार म्हणाला आणि पंखा वाढवला. बाहेर येऊन मायक्रॉन मला रेमंडचा इतिहास सांगू लागला. लोकरीची ही गिरणी 1925 साली निघाली ती ठाण्यात. तापमान बावीसच्या खाली गेलं की जिथे माणसं कानटोपी शोधतात, त्या गावात लोकरीची गिरणी! याचं त्याला इतकं कौतुक वाटत होतं की रस्ता ओलांडायचं राहून गेलं. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चकरा झाल्या. तिथे कुठल्याशा सैन्याची हिरवट लोकरी पँट एकदाची मिळाली. उजेडात धरली तर कसरीने तिची चाळण केली होती. "हवा खेळती राहील," असं विक्रेता म्हणाला. मायक्रॉनने दहा मिनिटं गंभीरपणे विचार केला.

मग त्याला घोंगडी आठवली.

ही कल्पना वाटते तितकी वेडी नव्हती. दख्खनी मेंढीची लोकर, हातमागावर विणलेली, पावसाचं पाणी तासन्‌तास झेलणारी. धनगर पिढ्यान्‌पिढ्या तिच्याखाली पावसाळे काढत आलेत. विकणाऱ्याने सांगितलं, मऊ हवी तर जावळाची घ्या, कोकराच्या पहिल्या कातरणीची. पण याला टिकाऊ हवी होती. ती घोंगडी घेऊन आम्ही कसब्यातल्या शिंप्याकडे गेलो. त्याने ती मशीनवर पसरली, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही अंगावर घ्यायची असते. अंगात घालायची नसते." तरीही शिवली. तीन सुया मोडल्या, त्या बिलात वेगळ्या लावल्या.

घोंगडीला विणताना चिंचोक्याची खळ देतात, हे ज्ञान मायक्रॉनकडे होतं. तिचा परिणाम काय होतो याचं नव्हतं. विजार घरी आणून कोपऱ्यात ठेवली ती उभी राहिली. टेकून नव्हे, आपल्या पायांवर. रात्री त्याच्या आई पाणी प्यायला उठल्या, अंधारात कोपऱ्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "कोण रे? उभा का? बस ना." बसणं हेच तिला जमत नव्हतं. मायक्रॉन ती घालून सोफ्यावर टेकायला गेला आणि घसरून परत उभा राहिला. टोचण्याबद्दल मी विचारलं नाही. तो आठवडाभर बँकेत काउंटरमागे उभ्याने काम करत होता, त्यावरून अंदाज केला.

दिवाळीत त्याचा भाचा मिनेसोटातल्या डुलुथहून आला. तिथे थंडी उणे तीसपर्यंत जाते, म्हणून मामाने त्याला आधीच कामाला लावलं होतं. भाच्याने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हातारा दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो. झाडावर बांधलेल्या मचाणावर पहाटेपासून न हलता बसतो, आणि बसून राहणाऱ्याला थंडी चालणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. त्याचा सल्ला असा की पँट लोकरीचीच हवी, आणि ऊब हे कारण दुसरं. पहिलं कारण आवाज. नायलॉनची पँट फांदीला घासली की सर्रकन वाजते आणि हरणाचे कान तिकडे वळतात. लोकर वाजत नाही. भाच्याने तशीच एक आणली: पंच्याऐंशी टक्के लोकर, बाकी झिजू नये म्हणून नायलॉन, चोवीस औंस, पट्ट्याऐवजी गॅलिस लावायची बटणं. रंग लाल, त्यावर काळ्या चौकटी. टेबलावरून ओढून काढलेल्या टेबलक्लॉथसारखी दिसत होती.

"अरे, पण आपल्याकडे शिकारीला बंदी आहे," मी म्हणालो. "शिवाय केदारकंठा अभयारण्यात येतं."

"शिकार कोण करतंय? मला फक्त तिचं मौन हवंय."

त्या मौनाची परीक्षा त्याच्या गच्चीवर झाली. मी पाठमोरा उभा राहायचं, तो मागून चालत येणार, आणि मला कधी ऐकू आलं ते सांगायचं. तीनदा प्रयोग झाला. तिन्ही वेळा मला पहिल्याच पावलाला कळलं, कारण पाऊल टाकता टाकता तो म्हणत होता, "निघालो हं. आता? ऐकू येतंय? नाही ना? बघ!"

पँट कमरेत सैल होती. दुसरा कोणी शिंप्याकडे गेला असता. याने कुठेतरी वाचलं होतं की लोकरीच्या तंतूला खवले असतात, गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि दाट होतं. आपला बुरणूस असाच मळून करतात. म्हणून आटवायचंही आणि दाटही करायचं, या दुहेरी हेतूने त्याने तांब्याच्या बंबातलं कढत पाणी बादलीत घेऊन ती पँट स्वतःच्या पायांनी तुडवली. हेतू अपेक्षेबाहेर सफल झाला. कंबर नेमकी बसली, पण लांबी पोटरीच्या मध्यावर आली. वहिनी म्हणाल्या, "धाकट्याला होईल." तो मात्र लगेच जॉर्ज मॅलरीवर गेला. मॅलरी 1924 साली एव्हरेस्टवर आखूड विजार आणि पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळूनच गेला होता. 1999 मध्ये त्याचा देह सापडला तेव्हा अंगावर लोकर, रेशीम आणि गॅबर्डीनचे थर होते, आणि तसेच कपडे नव्याने शिवून 2006 साली एव्हरेस्टच्या पायथ्याशी वापरून पाहिले तर चांगले ऊबदार निघाले.

"पण मॅलरी परत आला नाही," वहिनी म्हणाल्या.

"त्यात पँटचा दोष नव्हता," तो म्हणाला आणि औषधाच्या दुकानातून चार क्रेप बँडेज घेऊन आला.

अशा थाटात आमची स्वारी सांकरीला पोचली. पहिल्याच संध्याकाळी शेकोटीची ठिणगी उडून आमच्यातल्या एकाच्या महागड्या पँटला वाटाण्याएवढं भोक पडलं, कडेने वितळलेलं. मायक्रॉनच्याही मांडीवर ठिणगी पडली आणि जागच्या जागी विझली. त्याने ती झटकलीसुद्धा नाही. सगळ्यांना दिसेपर्यंत तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी देवदारांतून चढताना मार्गदर्शक पोराने सांगितलं की या जंगलात मोनाल दिसतो. मायक्रॉनने ताबडतोब त्याला शिकारी कापडाची थिअरी समजावली. ती जुडा का तालाबपर्यंत पुरली. पँटचा खरोखरच कसलाही आवाज येत नव्हता. "फिर मोनाल क्यों नहीं दिखा?" असं त्याने तंबूपाशी विचारलं. पोरगा त्याच्या पँटकडे पाहत राहिला, मग हळूच नजर वर नेत त्याच्या तोंडापाशी थांबला आणि म्हणाला, "पता नहीं, सर."

गॅलिसचा प्रश्न रात्री उभा राहिला. दोन स्वेटर, वर जाकीट, आणि गॅलिस त्या सगळ्यांच्या आतून. उणे सातात, अंधारात, घाईच्या वेळी माणसाला आधी कांद्यासारखं सोलून घ्यावं लागतं. त्याला लागलेली अठरा मिनिटं मी घड्याळावर मोजली, कारण विजेरी मला धरायला लावली होती.

माथ्यावर आम्ही सकाळी साडेसातला पोचलो. समोर स्वर्गारोहिणी, ऊन नुकतंच उतरलेलं, सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. मायक्रॉन जरा बाजूला, लाल चौकटींत, पाय किंचित फाकवून उभा होता. कोणीतरी विचारेल म्हणून थांबला होता. सहा महिने ज्या प्रश्नाची तयारी केली तो प्रश्न एवढाच होता, "काय रे, थंडी वाजतेय का?" कोणी विचारलं नाही. मीही नाही. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त खाली मिळणारी मॅगी होती.

सांकरीला परतलो तेव्हा घरमालकाचे आजोबा ओसरीवर उन्हात बसले होते. अंगात घरच्या मेंढ्यांच्या लोकरीची, घरीच विणलेली करडी विजार, हातात टकळी. मायक्रॉन पायरीवरच थबकला. आजोबांनी मान वर केली, ती चौकटीची पँट पाहिली, आणि एक अक्षर न बोलता त्याच्या मांडीवरचं कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चुरगाळून पाहिलं. उलटं करून पाहिलं. मग वास घेतला.

"कहाँ का ऊन है?"

"मिनेसोटा."

आजोबांनी थोडा विचार केला. "वो कौन सी पट्टी में पड़ता है?"

यानंतर दोघे अंधार पडेपर्यंत बोलत होते. आजोबांचं हिंदी पहाडी, याचं सदाशिव पेठी, आणि कोणाचंच काही अडत नव्हतं. मेंढ्या कधी कातरायच्या, पहिली कातर कुठे वापरायची, मळताना पाणी किती कढत हवं. बंबाची हकिकत ऐकून आजोबा इतके हसले की टकळी हातातून सुटली. शेवटी मायक्रॉन आत गेला आणि सॅकमधून घोंगडीची विजार घेऊन आला. आणली होती त्याने, आम्हाला न सांगता, दीड किलोचं ओझं. ओसरीवर ठेवली. उभी राहिली. आजोबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मग दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला. तो थट्टेचा होता की खरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती विजार तिथेच राहिली. बदल्यात हा दोन किलो कच्ची लोकर आणि एक टकळी घेऊन गाडीत चढला. दिल्लीपासून पिंजत होता. समोरच्या बाकावरच्या बाई शिंकून शिंकून भोपाळला जागा बदलून गेल्या. सूत कुठे दोरखंडाएवढं, कुठे जानव्याएवढं निघत होतं. मनमाड गेल्यावर त्याने टकळी थांबवली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कंबर किती रे तुझी?"

मी झोपेचं सोंग घेतलं. तर त्याने खिशातून टेप काढली.