नादार व्हायचंय? आधी पात्रता सिद्ध करा!

सावित्रीकाठच्या सवला गरम पाण्याची कुंडं आहेत, त्यामुळे अंग शेकायची सोय निसर्गानेच केलेली आहे. धंद्यात शेकून निघालेल्यांची सोय संसदेने २०१६ साली केली. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात कर्जात बुडालेल्या माणसाला तीन वाटा दिल्या आहेत: नवी सुरुवात, परतफेडीचा आराखडा आणि खुद्द दिवाळखोरी.

समजा, २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत ज्याचा माल भिजला असा सवचा एखादा दुकानदार निवड करायला बसला. 'नवी सुरुवात' त्याला लगेच आवडते, कारण तिच्यात कर्जच माफ होतं. अटी किरकोळ आहेत. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत. आणि स्वतःचं घर नको, गहाण पडलेलंसुद्धा नको. इथे गडी अडतो. पडवी गळत असली तरी चुलत्यांबरोबर उताऱ्यावर त्याचंही नाव आहे. शिवाय महिना पाच हजार मिळवणाऱ्या बेघराला ३५ हजार उसने देणारा दानशूर आधी शोधायला हवा.

मग आराखडा. तो पास व्हायला रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांशाहून जास्त धनको राजी हवेत. पतपेढी, घाऊक व्यापारी आणि दर आठवड्याला हप्त्याला येणारा मायक्रोफायनान्सवाला यांचं एकमत आजवर एकाच मुद्द्यावर झालंय: पैसे आधी आमचे. आराखडा फसला तर दिवाळखोरी, आणि आदेशानंतर वर्षभराने सुटका.

निवड पक्की झाल्यावर वकील सांगतो की ही ताटं फक्त मेनूकार्डावर आहेत, चूल पेटलेलीच नाही. तिसरा भाग सामान्य माणसाला अजून लागू नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो उघडला, पण कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बुडायचंच होतं तर आधी कंपनी काढायला हवी होती!

उरला जुना कायदा. मुंबईकरासाठी १९०९ चा, सवकरासाठी १९२० चा. त्यात कर्ज ५०० रुपये झालं तरी अर्ज करता येतो. सावकाराला चुकवण्यासाठी घर सोडून जाणं हेही नादारीचं लक्षण. बरं झालं, कायद्याने हेतू विचारलाय. नाहीतर पोलादपूरची कितीतरी कुलुपबंद घरं गणपती-शिमगा सोडून वर्षभर नादार ठरली असती.

नादार ठरून मुक्त न झालेल्याला आमदारकी लढवता येत नाही, हे राज्यघटनेतच आहे. गावचे काही पुढारी कर्जात गळ्यापर्यंत असूनही कोर्टाची पायरी का चढत नाहीत, ते यावरून कळावं.

दुकानदाराने अर्ज केला नाही, तरी पतपेढी थांबत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि जामीनदार मित्र ओळख द्यायचं बंद करतो. हमीदार तोही आहे, फक्त कंपनीचा नाही. जप्तीची वेळ आली तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० मदतीला येतं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावायचा नाही. धर्माच्या रूढीने बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिनाही सुरक्षित. म्हणजे मंगळसूत्र कुणी जप्त करू शकत नाही. ते मागच्या जूनमध्येच सोनेतारणात गेलेलं आहे.