संथ प्रगती : लक्षणे व उपचार

प्राथमिक शाळेतील मुलाची संथ प्रगती हा पालकांना होणारा विकार आहे. त्याची लक्षणे मुलात क्वचितच दिसतात. निदान सहसा शेजारच्या मुलाचे प्रगतिपुस्तक पाहून होते.

महाराष्ट्रात या प्रगतिपुस्तकात अ-१ ते इ-२ अशा ९ श्रेणी असतात. ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे तीन रकानेही असतात. पालक तिसराच वाचतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार मूल्यमापन सातत्यपूर्ण व सर्वंकष असावे लागते. घरी ते रोज जेवताना होते.

हाच कायदा जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांसाठी शिक्षकांना वर्गाबाहेर नेण्याची मुभा देतो. दुसरीतले मूल ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत अडखळते, तेव्हा गुरुजी मतदार मोजत असू शकतात. मूल मात्र संथच ठरते.

उपचार ठरलेले आहेत : भिजवलेले बदाम, अ‍ॅबॅकसचा वर्ग, शिकवणी आणि ‘तुझ्या वयात आम्ही’ने सुरू होणारे व्याख्यान. डोळे-कान तपासणे, रोज थोडे मोठ्याने वाचून घेणे हे उपाय बिनखर्चाचे किंवा स्वस्त असल्याने त्यांवर कुणाचा विश्वास बसत नाही.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, यासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने सरकारला २०२६-२७ पर्यंतची मुदत दिली. मुलाला पालक सहामाहीपर्यंतची देतात.