आठ, दहा, बारा, चौदा, सतरा

८, १०, १२, १४. पुढची संख्या कोणती? स्कॉलरशिपच्या पेपरात १६ लिहिलं की गुण मिळतात. चांदवडच्या गॅरेजात १६ नंबरची गोटी, म्हणजे सॉकेट, पुढे केली की गाडीखाली आडवा झालेला मिस्त्री तिथूनच बोंबलतो, "सतरा मागितली ना? कान कुठं ठेवून आला?" चौदानंतर सतरा, सतरानंतर एकोणीस, मग एकवीस आणि मग एकदम चोवीस. ही मालिका झोपेतून उठवून विचारली तरी ज्याला येते तो आमच्या गावात मेकॅनिक होतो. ज्याला येत नाही तो गाडी घेतो.

माझा मावसभाऊ दुसऱ्या गटातला. कांद्याला बरा भाव लागला त्या वर्षी त्याने जुनी वॅगनआर घेतली. भाव पडला त्या वर्षी (हे नेहमी पुढचंच वर्ष असतं) गॅरेजचं बिल हातात धरून त्याने जाहीर केलं, की यापुढे गाडीची किरकोळ कामं घरीच. माझ्याकडे गोट्यांची एक जुनी पेटी आहे. एवढ्या पुराव्यावर नातेवाइकांत मला या विषयातला जाणकार समजतात. तो संध्याकाळी आला, ओट्यावर बसला, चहा संपवला आणि म्हणाला, "दादा, कोणता सेट घ्यायचा ते विचारायचं होतं. तसा मी मागवलाय. तुला फक्त दाखवू राहिलो."

आधी खरेदी आणि मग सल्ला, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. लग्नंही अशीच ठरतात.

तर मोबाईलवरून मागवलेली ती ४६ नगांची पेटी. पेटी देखणी होती, यात वाद नाही. ४६ पैकी निम्म्याहून अधिक नग म्हणजे पेचकसाची टोकं, आणि गोट्या ४ मिलिमीटरपासून १४ पर्यंत. साडेचार आणि साडेपाचसुद्धा होत्या. साडेचारचा नट वॅगनआरमध्ये कुठे असतो हे मला माहीत नाही, सोनाराकडे असेल. पण चाकाचा नट १९ चा असतो, आणि पेटी १४ लाच संपत होती. म्हणजे घाटात टायर बसलं तर या पेटीचा उपयोग जॅकखाली ठेवायला. तेवढी मजबूतही ती नव्हती.

खरा घोटाळा गोट्यांच्या मागच्या बाजूला असतो. गोटीला एका तोंडाला षटकोनी खळगा, तो नटावर बसतो. दुसऱ्या तोंडाला चौकोनी भोक, त्यात रॅचेटचा, म्हणजे गोटी फिरवणाऱ्या दांड्याचा, चौकोन बसतो. हा चौकोन पाव इंची असतो, तीन सुती म्हणजे ३/८ इंची असतो, नाहीतर अर्धा इंची. त्यापुढचे पाऊण आणि एक इंची ट्रकवाल्यांचे. भावाचा सेट पाव इंची होता. पाव इंचीने डॅशबोर्ड उघडावा, हेडलाइटचा स्क्रू काढावा, मिक्सर दुरुस्त करावा. त्याच्या दांडीला पाईप घालून सस्पेन्शनचा बोल्ट सोडवायला गेलं की बोल्ट आहे तिथेच राहतो आणि चौकोन गोटीत मोडून बसतो.

इथे भावाने एक रास्त शंका काढली. "गोट्या मिलिमीटरमध्ये आणि चौकोन इंचात, हे कसं काय?" याचं उत्तर द्यायला मी चहाचा दुसरा कप मागवला. भारतात १९५७ साली नवे पैसे आले, १९५८ पासून किलो-मीटर यायला लागले, शेर आणि तोळे कागदावरून गेले. जपान, जर्मनी तर आपल्या आधीपासून मेट्रिक. तरी जगभर रॅचेटचा चौकोन इंचातच राहिला. आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची अब्रू झाकायला नावं मेट्रिक ठेवली आहेत: ६.३, १०, १२.५. त्यातल्या १० म्हणवणाऱ्या चौकोनाला व्हर्नियर लावला तर तो साडेनऊ भरतो. होळकरांच्या काळात या चांदवडला टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया दूरवर चालायचा. दहाच्या नावाखाली साडेनऊ माशांचं नाणं काढलं असतं तर टांकसाळवाल्याचं काय झालं असतं, याचा विचार या मानकवाल्यांनी केलेला नाही.

आता मूळ मालिकेकडे. गोटीवर जो आकडा असतो तो बोल्टची जाडी सांगत नाही. त्याच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर सांगतो. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जपानी गाड्यांत डोकं १२ चं, जर्मन रिवाजात १३ चं. १० जाडीच्या बोल्टला जपान्यांकडे १४, जर्मनांकडे १७. आटे तेच, जाडी तीच, डोकी वेगळी. पुढे आंतरराष्ट्रीय समितीने त्यात लक्ष घातलं आणि या १० च्या बोल्टला १६ चं डोकं दिलं, म्हणजे भांडण दोघांत होतं ते तिघांत झालं. स्कॉलरशिपला १६ लिहिणारा मुलगा पुढे युरोपियन गाडी घेईल तेव्हा त्याचं उत्तर बरोबर निघेल.

आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, दोन वर्षांत हिरो होंडा आली, आणि त्यांच्याबरोबर १२-१४ ची डोकी घरोघर आली. त्यामुळे वॅगनआर एवढीच गाडी असलेल्या माणसाचा हिशेब सोपा आहे: ८, १०, १२, १४, १७, १९. प्लगला वेगळी लांब गोटी, नव्या गाड्यांना बहुधा १६ ची, जुन्यांना २१ ची, आत रबर असलेली. १३ घेतली नाही तरी चालतं. हे मी भावाला सांगितलं आणि लगेच मागे घेतलं. कारण चांदवडमध्ये गोट्यांचा सेट गाडीकडे बघून घेता येत नाही. तो शेजाऱ्यांकडे बघून घ्यावा लागतो.

कोणाच्या घरी रॅचेट आहे ही बातमी लपत नाही. त्याचा टर्रर्र आवाज तीन घरं पलीकडे जातो, आणि तो ऐकून माणसं चपला घालतात. भावाच्या शेजारी टाटाचा छोटा हत्ती आहे. त्याला १३ लागतेच. समोर स्प्लेंडर. मामांचा जुना ट्रॅक्टर आहे, त्याचे निम्मे बोल्ट इंचातले आणि उरलेले निम्मे ज्या त्या वेळी मनमाडच्या भंगारात जे मिळाले ते. आणि सासुरवाडीला जीप आहे. या जीपबद्दल थोडं सांगायला हवं. महिंद्राने १९४७ पासून अमेरिकन विलीज जीप इथे जोडायला घेतली, म्हणून तिचा सांगाडा अर्धा इंच, नऊ-सोळांश असल्या मापांचा. पुढे तिच्यात प्यूजोचं फ्रेंच डिझेल इंजिन बसलं, ते मिलिमीटरमधलं. म्हणजे बॉनेट उघडल्यावर १३ आणि गाडीखाली गेल्यावर अर्धा इंच. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेव्हा १३ ची गोटी त्यावर जाते, बसल्यासारखी वाटते, आणि जोर लावला की नटाचे कोपरे खाऊन गोल गरगरते. मेव्हण्याच्या देखत. सुदैवाने १९ ची गोटी आणि पाऊण इंच यांच्यात केसाचाही फरक नाही, त्यामुळे १९ ची गोटी कुठल्याही सासुरवाडीत मान राखते.

गोल झालेल्या नटांसाठी आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. गोटी सहा कोनी घ्यावी. बारा कोनी गोटी नटावर पटकन बसते, पण ती टोकांना धरते, आणि आपल्याकडच्या नटांना टोकं शिल्लक असतीलच असं नाही. पाण्यात, चिखलात आणि कांद्याच्या पातीत फिरलेल्या पिकअपचा नट एकदा बघा, मग कळेल.

रॅचेटचं म्हणाल तर आतले दात मोजावेत. २४ दात असतील तर एका टिकेला दांडा १५ अंश फिरवावा लागतो, ७२ असतील तर ५ अंशांत भागतं. इंजिन आणि रेडिएटर यांच्या फटीत कोपर अडकलेल्या माणसाला या दहा अंशांची किंमत कळते. जास्त दातांच्या रॅचेटचे दात बारीक असतात हेही खरं. म्हणून जाम नट रॅचेटने फोडू नये. त्यासाठी साधा हातभर लांब दांडा घ्यावा, ज्यात मोडण्यासारखं काही नसतं. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी पहिला झटका रॅचेटलाच देतात, कारण आवाज त्याचा येतो.

जोराचा विषय निघाला की अण्णा येतात. न बोलावता येतात. अण्णा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. तिथे १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, आणि अण्णांची सगळी नोकरी टॉर्क रेंचच्या 'टक्' आवाजावर गेलेली. आमच्याकडे चाकाचा नट आवळायची पद्धत म्हणजे पान्यावर उभं राहायचं, आणि मनाचं समाधान होत नसेल तर एक उडी मारायची. अण्णांनी पाटीवर हिशेब मांडून दाखवला. गाडीसोबत मिळणारा पाना २५ सेंटिमीटर. ७० किलोचा माणूस त्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी जवळजवळ १७० न्यूटन-मीटर पडतात. छोट्या गाडीला लागतात साधारण ८५. म्हणजे अर्धाच माणूस हवा.

"आणि उडी मारली तर?" भावाने विचारलं.

"तर पुढच्या वेळी सोडवायला दोघं लागतील," अण्णा म्हणाले, "आणि ती पुढची वेळ राहुडच्या घाटात येते, रात्री, बायको-मुलं गाडीत असताना."

अण्णांची दुसरी शिस्त त्याहून जाचक. विमानाच्या कामात हत्यारं फळीवर असतात आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याची आकृती काढलेली असते, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबून दिसावं. एखादी गोटी इंजिनात राहिली तर काय होईल हे सांगायला नको. भावाने बॅटरी बदलली तेव्हा त्याची १० नंबरची गोटी हरवली. ती हरवतेच. बॅटरीचं टर्मिनल १० चं, एअर फिल्टरचा डबा १० चा, गाडीतल्या निम्म्या पट्ट्या १० च्या. म्हणून सतत हातात तीच, आणि लहान असल्याने बॉनेटच्या आत कुठेही मुक्काम करणारीही तीच. हा अनुभव जगातल्या सगळ्या मेकॅनिकांचा आहे, त्यात चांदवडने काही भर घातलेली नाही. अण्णांनी मात्र गाडी हलू दिली नाही. "गोटी सापडेपर्यंत हे विमान उडणार नाही."

"अण्णा, मला फक्त लासलगावला जायचंय."

टॉर्च आली, चुंबक आलं, शेजारचे छोटा हत्तीवाले आले. मावशीने दारातून विचारलं, "काय शोधू राहिले एवढे?" आणि उत्तर ऐकून आत निघून गेली. मावशीचा गोट्यांकडे बघण्याचा दृष्टिकोन निराळा आहे. माझ्या पेटीतून तिने २४ ची गोटी कधीच नेलेली आहे. कांद्याच्या हिशोबपट्ट्या पंख्याखाली उडतात, त्यांच्यावर ती ठेवायला तिला बरी वाटते. त्या गोटीने आजवर एकही नट पाहिलेला नाही आणि सबंध घरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी गोटी तीच आहे.

शेवटी मी भावाला स्पष्ट सांगितलं. अर्धा इंची रॅचेट घे, कारण तालुक्याच्या दुकानात राज्य त्याचंच. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या गावात तीन सुती कोण मागणार? सहा कोनी गोट्या १०, १२, १३, १४, १७, १९, सुट्या घे. एक वीतभर एक्स्टेन्शन, एक लांब दांडा. तीन सुती रॅचेट पुढे कधीतरी नाशिकहून आण, इंजिनाच्या कामाला त्यासारखं सुख नाही. पाने-पक्कडींसाठी देशभर चालणारी टपारिया आपल्याच जिल्ह्यात, सातपूरला आहे. मोबाईलवर कशाला शोधतोस? अमेरिकेत १९२० साली स्नॅप-ऑनने धंदा सुरू केला तो दहा गोट्या आणि पाच दांडे घेऊन, एवढ्यात पन्नास पान्यांचं काम होतं असं सांगून. तुझ्या एका वॅगनआरला तर दांडेही दोनच पुरतात.

त्याने सगळं ऐकलं. मान डोलावली. आकडे मोबाईलमध्ये लिहूनसुद्धा घेतले. आणि दिवाळीला १०८ नगांची पेटी घेऊन आला, जपमाळेएवढी. पेटीला आतून लाल मखमल होती आणि बरोबर एक एलईडी टॉर्च फुकट.

या पेटीत १० च्या गोट्या तीन आहेत: एक पाव इंची, एक तीन सुती, एक अर्धा इंची. त्यातली अर्धा इंची मी बॅटरीच्या कामाला म्हणून मागून आणली. तो अधूनमधून तिची चौकशी करतो. मी त्याला छोटा हत्तीवाल्यांकडे पाठवतो.